वाघूळ आणि रातबगळा

जैतू कोळशाच्या भट्टीवर ओली माती थापत होता. त्याच्या वाडीतला धाऊ पायवाटेनं आला आणि त्यानं जैतूच्या हातातली पाटी काढून घेतली.

"घरी चल. मानमोडीच्या तापात तुझी बायको गेली, कोंडी."

जैतूनं मातीचे हात लंगोटीला पुसले.

"आणि पोर?"

"पोर बरी हाय. तुझ्या सासूकडं हाय."

खालापूरच्या रानातून तो पोशीरजवळच्या आपल्या वाडीवर पोचला, तोवर बायकोला माती दिली गेली होती.

काही दिवसांनी सासू, बुधी, कशेळ्याकडच्या डोंगरातल्या आपल्या घरी निघाली. तान्ह्या नातीला तिनं लुगड्याच्या धडप्यानं छातीशी बांधलं होतं. नदीकाठच्या आंब्याखाली जैतूनं तिची वाट अडवली.

"पोर हितंच राहू दे, मामी."

बुधीनं वर बोट केलं. आंब्याला वाघळं उलटी लोंबत होती.

"वाघळाचं पोर आईला धरून उडतं. आई पडली की तेही पडलं. बाप कुठं असतो, विचार त्यांना."

जैतू पलीकडच्या बांबूच्या बेटाकडं बघू लागला. तिथं रातबगळे माना आखडून बसले होते. पावसाळ्यात त्यांची घरटी तिथंच होती.

"त्यांचं बघ की. एक पिल्लांपाशी बसतो, दुसरा मासा आणतो. मग पहिला जातो."

"त्यातला बाप कुठला न आई कुठली, तुला काय कळलं रं? लुगडं नेसतात का ते?"

"नाय कळलं. पिल्लांना तरी कुठं कळतं? मासा आणंल त्याच्यापुढं तोंड उघडतात."

बुधीला हसू फुटलं. लेक गेलेली, आणि आपण हसतोय, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ तो तसाच धरला.

"तू भट्टीवर गेलास की पोरीला कोण बघणार?"

"नाय जात. मोळ्या विकीन. शेळी हाय घरात."

तिनं धडप्याची गाठ सोडली.

"दिवाळीपर्यंत राहते मी. पुढं तुझं तू बघ."

जैतूनं पोर दोन्ही हातांत घेतली. परत जाताना तो बुधीच्या पुढं चालला, आणि ती मागून "हळू रं, डोकं धर तिचं" म्हणत राहिली.

घरी त्यानं शेळी पिळली, कापडाचा बोळा दुधात भिजवला आणि पोरीच्या ओठांना लावला. तिनं मान फिरवली. बुधीनं तोच बोळा घेऊन तिच्या ओठांशी धरला, तशी पोर चोखू लागली.

"होईल सवय," बुधी म्हणाली.

जैतू हसला. पोर घरात होती. त्याच्या हातून तिनं दूध प्यायचं अजून राहिलं होतं.