खाऱ्या पाण्याची लिंबोणी

मी भातकुलीच्या पार्बताबाईची लिंबोणी. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभी आहे. दुसऱ्याच्या घरात कान देऊ नये म्हणतात, पण खिडकीच उघडी, तर मी काय करू?

सात वर्षं नळाच्या गोड्या पाण्यावर वाढले. गल्लीभर वाटूनही लिंबं उरत. मागच्या उन्हाळ्यात मुलानं, गोपालनं, अंगणात बोअर केला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पाणी लागलं, पण तोंडात धरवेना. मग ते माझ्या वाट्याला आलं.

रोज पाइप सोडायचे. मी पाण्यात उभी आणि तहानेनं जीव चाललेला. ते खारं पाणी माझ्या मुळांच्या पेशींतलंच पाणी बाहेर ओढून नेई. पानांच्या कडा करपल्या, फुलं गळली. पार्बताबाईला वाटलं, पाणी कमी पडतं. तिनं आणखी सोडलं.

तरीही मी वाळत गेले, तेव्हा तिला सून आठवली, सुनेची पाळी आठवली.

"अडचणीच्या दिवसांत हिनंच हात लावला असन झाडाले."

हर्षा काकडी चिरत होती. बारावी सायन्स झालेली पोर. म्हणाली, "आई, काकडीले मीठ लावलं का पाणी सुटते न? तसंच मुळाचं होऊन राहिलं. बोअरचं पाणी बंद करा."

"तुह्या पुस्तकाले लिंबं लागते का? झाडापाशी येऊ नको, बस."

गोपाल जेवत होता. त्यानं आणखी एक पोळी मागितली.

पुढे बोअरची मोटर जळाली, महिनाभर तशीच पडली. दुपारी सासू देवळात गेली की हर्षा नळाचं पाणी बादलीनं आणून माझ्या बुडाशी ओती. पाणी आत शिरलं, सुकल्या पेशी भरल्या, आणि मी वेडी, एका फांदीवर पालवले.

पार्बताबाईनं शेजारणींना बोलावून ती पालवी दाखवली. "पाहा, हिचा हात बंद झाला आन् झाड फुटलं."

हर्षा दारात होती. खरं सांगावं, तर मनाई मोडल्याचा गुन्हा. ती आत निघून गेली. त्या पालवीची मला अजून लाज वाटते.

काल मोटर दुरुस्त होऊन आली. "आता पोटभर पी माय," पार्बताबाई म्हणाली, अगदी मायेनं, आणि पाइप माझ्या बुडाशी सोडला.

या गल्लीत कोणी आलात, तर तेवढा पाइप बाजूला करा. मी मेले तर चूल पेटवायच्या कामी येईन. पण आता झाड वाळलं, तर हर्षाला चांदूर रेल्वेला माहेरी कायमची घालवून देईन, असं सासूनं चारचौघींत सांगून ठेवलंय.