बिनरेघांची फाइल

दोष काकांचा. चौकशीच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, मी आधीच सांगून टाकते. बाकी कोणी सांगणार नाही. काका बोलू लागले की त्या ऑफिसातल्या सगळ्या माना नंदीबैलासारख्या हलतात.

मी एक टेक्स्ट फाइल आहे. जन्माने मात्र स्पूल फाइल, म्हणजे छापायला निघालेलं पण अजून कागदावर न उतरलेलं लिखाण. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात कपाटाएवढं एक काळं मशीन आहे. फार मोठं नाही, टेबलावर मावेल इतकं लहानही नाही, पण अख्खा कारखाना त्याच्या तोंडाकडे बघून चालतो. रोज संध्याकाळी ते प्रेस विभागाची यादी तयार करायचं: उद्या पत्रा कापणाऱ्या कोणत्या प्रेसवर कोण उभा राहणार. अशाच एका संध्याकाळी मी जन्मले आणि प्रिंटरच्या रांगेत जाऊन बसले.

माझ्या घराण्याची एक रीत होती. बिघडलेल्या प्रेसची ओळ प्रिंटर दोनदा छापायचा. आधी प्रेसचं नाव, मग कागद तसूभरही न हलवता त्याच नावावर आडव्या रेघा. कागदावर ती ओळ खोडलेली दिसायची. या कारखान्यात बंद प्रेसवर पाटी लावायची पद्धतच नव्हती. सकाळी यादी फळ्यावर लागायची आणि खोडलेल्या प्रेसला कोणी बोट लावायचा नाही. ही शक्कल खुद्द काकांची, त्यांच्या तरुणपणातली. तेव्हा त्यांचं डोकं चालत असावं.

काका म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. ते नेमके कोणाचे काका, हे कोणालाच ठाऊक नाही. चष्मा कपाळावर, नजर घड्याळावर आणि जिभेवर सदानकदा ‘आमच्या वेळी’. केस पिकले म्हणजे अक्कलही पिकली, असा त्यांचा ठाम समज. आणि तो समज बाकीच्यांनी मन लावून जपलेला.

त्यांच्या हाताखाली एक ऑपरेटर होता. कॉलेज मधेच सोडलेला, म्हणून काका त्याला सगळ्यांदेखत ‘अर्धवट’ अशी हाक मारायचे आणि टेबलाटेबलावरून हसू यायचं. तो थोरल्या बहिणीकडे राहायचा. तिचा नवरा, त्याचे दाजी, याच कारखान्यात प्रेसवर होते. त्यांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. महिनाअखेरीस त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे काकांच्या सहीवर होतं. कायम झालो की खोली घेईन, दाजींच्या घरात किती दिवस पथारी पसरू, असं तो शेजारच्या टायपिस्टबाईंना रोज सांगायचा.

मी जन्मले त्याच दिवशी मोठ्या साहेबांना कागदाचा कंटाळा आला. यादी फळ्यावर नको, फोरमनच्या स्क्रीनवर दिसू दे, म्हणाले. काकांनी लगेच होकार दिला. होकार काकांचा आणि राबायचं अर्धवटने, ही तिथली जुनी वाटणी.

माझं टेक्स्ट करायला घेतलं. माझ्या प्रत्येक ओळीच्या आधी एक बारीक खूण असायची, ती प्रिंटरला सांगायची की पान बदल, ओळ सोड किंवा कागद जागचा हलवू नकोस. काकांनी फर्मावलं, खुणा काढ, साहेबांना घाण दिसते. खुणा गेल्या आणि नावावरच्या रेघा घसरून खाली वेगळी ओळ होऊन पडल्या. आता मला बघून कोणी म्हणालं नसतं की इथे काही खोडलेलं आहे.

ऑपरेटरला तरी कुठे माहीत होतं. त्याने आपलं सरळ विचारलं, “काका, या रेघा काही नावांखालीच का येतात?”

“प्रिंटरची जुनी सवय. कचरा आहे, काढून टाक.”

“फोरमनना एकदा दाखवून येऊ?”

“अर्धवट, तू विचार करू नकोस. विचार करायचा पगार मला मिळतो.” मग आवाजात साखर घोळवून त्यांनी महिनाअखेरीची आठवण करून दिली.

त्याने सगळ्या रेघा काढल्या. रांग मोकळी दिसली पाहिजे म्हणून माझी मूळ स्पूल फाइलही काकांच्या सांगण्यावरून पुसली. साहेब येऊन म्हणाले, वा, काय स्वच्छ. काका लाजले. अंगाला तोशीस न लागलेला माणूस किती छान लाजतो, ते मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोरमनच्या स्क्रीनवर होते. कोपऱ्यातल्या प्रेसचा क्लच घसरत होता, पेडलवरून पाय काढला तरी वरचा ठोकळा मधेच खाली यायचा. माझ्यात तिचं नाव होतं, त्यावर रेघ नव्हती. पुढे दाजींचं नाव, कारण बंद प्रेसपुढेही मशीन ठरलेल्या माणसाचं नाव टाकायचं आणि रेघ बघून फोरमन त्याला दुसरीकडे लावायचा. फोरमनला वाटलं, फिटरने दुरुस्त केली असेल.

दाजी फोरमनच्या दारात थांबले. “काल ही खोडलेली होती ना?”

“काल होती. आज बघा, नाहीये. कॉम्प्युटर काय खोटं बोलणार?”

दाजी गेले. मला ओरडता येत नाही.

चौकशी बसली. काकांनी शांतपणे सांगितलं की रेघा पुसणारा हात त्यांचा नव्हता, आणि ते खरंच होतं. ऑपरेटरने काकांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांनी विचारलं, लेखी आहे का? नव्हतं. टायपिस्टबाई तिथेच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. इतक्या वर्षांचा माणूस खोटं कशाला बोलेल, असं ठरलं. वय झालं की माणसाला पुरावा लागत नाही, ही सवलत कोणी सुरू केली देव जाणे.

शेवटच्या दिवशी तो माझ्यासमोर बसून टायपिस्टबाईंना सांगत होता. बहिणीने दवाखान्यात एवढंच विचारलं, “रेघा तू काढल्यास ना?” तो हो म्हणाला. काकांचं नाव घ्यावंसं वाटलं नाही, म्हणाला, तिच्यासमोर ते नाव फार स्वस्त वाटलं असतं.

मी अजून आहे. माझी एक प्रत चौकशीच्या फोल्डरमध्ये, एक काकांकडे. नवीन माणूस आला की ते मला उघडतात आणि निष्काळजीपणा कसा असतो ते दाखवतात. प्रेसवर आता पाट्या लागतात. ती कल्पनाही काकांची, असं ऐकते.

तुम्हाला एकच सांगते. एखादा पिकल्या केसांचा माणूस कशाला कचरा म्हणाला, तर तो आधी कोणी आणि कशासाठी ठेवला होता, ते त्याच्याकडून वदवून घ्या. चिडला तर चिडू दे. त्याच्या चिडण्याने कोणाचं काही तुटत नाही.

दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ऑपरेटरची नोकरी गेली, आणि बहीण त्याला घरात घेत नाही.