किंमत आपणच कळवावी

त्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे महादेवराव सोमणांना आठवलं तेव्हा ते स्वतःच्याच गाडीच्या मागून पायी चालत होते.

वरात होती. पुढे ताशा, ताशामागे गाडी. गाडीत नवरानवरी, करवली आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर कोंबलेली पोरं. स्टिअरिंगवर धर्माजी. मालकाला बसायला जागा उरली नव्हती, आणि उरली असती तरी कुणी त्यांना बसा म्हटलं असतं याची त्यांना खात्री नव्हती. धोतराचा सोगा हातात धरून ते वऱ्हाडाबरोबर धूळ खात चालले होते. धर्माजी मधूनच भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा, पोरं खिदळायची, ओटीवरच्या बायका हात हलवायच्या. हात धर्माजीला हलवायच्या.

"काय गाडी ठेवलीया धर्माजीनं," शेजारून चालणारा नवऱ्याचा मामा म्हणाला. रावजी त्याचं नाव, पालीकडून आलेला. "त्वांड बघून घ्यावं तिच्यात."

"हं," महादेवराव म्हणाले.

"तुमी कोनच्या बाजूचे? नवरीकडचे?"

"मी..." महादेवराव अडखळले. "मी गाडीकडचा."

रावजीला हा मोठाच विनोद वाटला. तो हसत हसत पुढे गेला आणि ताशेवाल्यांना सांगू लागला.

तेवढ्यात ते पत्र आठवलं. मुंबईचे एक शेठ पालीला गणपतीच्या दर्शनाला आले असताना त्यांनी देवळासमोर ही गाडी उभी पाहिली होती. पुढे पत्ता शोधून त्यांनी लिहिलं. अशी गाडी आता मुंबईतही राहिलेली नाही. विकण्याचा विचार असल्यास किंमत आपणच कळवावी. याला वर्ष होऊन गेलं होतं. महादेवरावांनी ते पत्र एका पुस्तकात ठेवलं, मग ते पुस्तक वाचायला घेतलं म्हणून दुसऱ्यात ठेवलं. 'नाही' लिहवत नव्हतं, 'हो' लिहायची छाती नव्हती.

आज वरातीत चालताना मात्र 'हो' अगदी सहज मनात आलं. कुठून आलं हेही त्यांना लगेच कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गाडी गेली तर धर्माजीच्या हातात काय राहील, असं त्यांच्या मनात आलं होतं.

गाडी मूळची जंजिरा संस्थानातल्या एका डॉक्टरांची, एकोणतीस सालची ऑस्टिन. संस्थान विलीन झालं, डॉक्टर मुंबईला गेले, आणि गाडी श्रीवर्धनातच एका वाडीत झावळ्यांच्या मांडवाखाली राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. महादेवराव सुपारीच्या सोसायटीत कारकून. त्यांना गाडीघोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण गाडीबरोबर डॉक्टरांनी तिचं इंग्रजी पुस्तकही टाकून दिलं होतं, पानोपानी आकृत्या असलेलं. महादेवरावांना आधी ते पुस्तक आवडलं. मग पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का, हे बघण्यासाठी त्यांनी गाडी घेतली. मोडीच्या भावात मिळाली.

पुढची कित्येक वर्षं ते सोसायटीतून आले की जुनी चड्डी चढवून वाडीत शिरायचे. रॉकेल, काचकागद, चिंध्या. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला पत्रा त्यांनी तसूतसूनं घासला. मुंबईच्या जुन्या बाजारातून मागवलेला एखादा भाग बोटीनं यायचा, तो पुस्तकातल्या आकृतीशेजारी ठेवून ते रात्र होईपर्यंत बघत बसायचे. शेवटी एका दसऱ्याला गाडी बोलली. त्यांची बायको अनुसूयाबाई पंचारती घेऊन उभ्या होत्या. महादेवराव आत बसले. कोणता पाय दाबला की आत काय काय हलतं, हे त्यांना शेवटच्या स्प्रिंगपर्यंत ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं. गाडी सरळ जाऊन विहिरीवरच्या रहाटाच्या कठड्याला भिडली.

लागलं कुणालाच नाही. पण त्यानंतर स्टिअरिंग धरलं की त्यांचे हात लटलटू लागले. मग कुणीतरी धर्माजीला आणलं. तो पूर्वी मासळीचा ट्रक हाकायचा. त्यानं गळ्यातला रुमाल सीटवर झटकला, बसला, आणि गाडी फाटकातून अशी बाहेर काढली की जणू ती त्याचीच वाट बघत थांबली होती.

धर्माजीला गाडीतल्या एकाही भागाचं नाव येत नव्हतं. कार्बुरेटरला तो नरडं म्हणायचा आणि मॅग्नेटोला डबी. "तात्या, नरड्यात कायतरी आडकलंय बघा," असं सांगून तो बिडी ओढायला जायचा, आणि महादेवराव ते नरडं उघडून, फुंकून, पुन्हा बसवून द्यायचे. लग्नसराईत लोक गाडी सांगायला यायचे ते धर्माजीच्या घरी. सगळा गाव तिला धर्माजीची गाडी म्हणायचा.

वरात पोचवून संध्याकाळी गाडी वाडीत आली. धर्माजी पडवीत चहाला बसला. महादेवराव बाहेर चाकांवरचा चिखल धूत होते.

"वहिनी, आज गंमत झाली," धर्माजी आत सांगत होता. "नवऱ्याच्या मामानं तात्यांना इचारलं, तुमी नवरीकडचे का? तर तात्या काय म्हनाले ठाव हाय? म्हनाले, मी गाडीकडचा."

अनुसूयाबाई हसल्या. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. महादेवरावांनी हातातलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. विनोद त्यांचा होता. त्यांनी घरी येऊन सांगितला असता तर अनुसूयाबाईंनी "बरं, हातपाय धुवा" म्हटलं असतं.

ते ओल्या हातांनीच पडवीत आले. "गाडी विकतोय मी," म्हणाले.

धर्माजीची कपबशी तोंडाशी गेली होती, ती खाली आली. "कुनाला?"

"मुंबईच्या शेठना."

"काय देतोय?"

"किंमत मीच सांगायची आहे."

"मंग चांगली सांगा." धर्माजी उठला, रुमाल झटकला. "येतो वहिनी."

चहा अर्धा तसाच राहिला. त्यानं चहा कधी टाकला नव्हता.

"हे कधी ठरलं?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"मग त्याला कशाला सांगितलंत?"

महादेवरावांनी ओले हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "तू त्याच्या बोलण्याला फार हसतेस."

"तो हसायला येईल असं बोलतो. तुम्ही बोला, तुमच्याही बोलण्याला हसेन." त्यांनी कपबशी उचलली. "बोलत नाही तुम्ही. पुस्तकात डोकं घालून बसता, आणि मग कोण हसलं ते मोजता."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत दुपारची वर्दळ संपल्यावर महादेवरावांनी कागद घेतला. पाच हजार लिहिले. एवढी किंमत बघून शेठ नको म्हणणार, गाडी राहणार, आणि आपण उत्तर दिलं नाही असंही होणार नाही. मग ते खोडून दीड हजार लिहिले. एवढ्याला शेठ डोळे मिटून घेईल, पंधरवड्यात गाडी बोटीसाठी दिघीच्या धक्क्यावर असेल, आणि पुढच्या लग्नसराईत धर्माजी वरातीत सगळ्यांसारखा पायी चालेल. दोन्ही आकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. पहिला आपल्या भीतीचा होता, दुसरा आपल्या जळण्याचा. गाडीची किंमत दोन्हींत नव्हती. त्यांनी कागद फाडला.

"देवीला विचारा," अनुसूयाबाई म्हणाल्या. "गावातली माणसं म्हैस विकताना विचारतात. तुम्हाला लाज कसली?"

ग्रामदेवीच्या देवळात कौल लावायची रीत जुनी. बाबाजी गुरवानं दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"सवाल मोठ्यानं सांगा," बाबाजी म्हणाला. "एकच."

"गाडी विकावी का?" महादेवराव म्हणाले. ओठ मिटले, पण मन मिटलं नाही. आतून दुसराच सवाल वर आला: गाडी धर्माजीच्या हातून जाईल का?

बाबाजीनं गाऱ्हाणं घातलं. कळ्या हलेनात. समई तडतडली, गाभाऱ्यातला पाण्याचा वास नाकात बसला. महादेवरावांचे गुडघे दुखायला लागले. आणि मग दोन्ही कळ्या एकदमच सुटल्या, आणि पायरीवर शेजारी शेजारी येऊन पडल्या.

बाबाजीनं त्या उचलल्या नाहीत. "तात्या, दोन सवाल घातलात."

"एकच घातला. तू ऐकलास."

"म्या ऐकला तो येक." बाबाजीच्या आवाजात राग नव्हता. जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो बोलत होता. "भावकीतली मान्सं येतात, तेव्हा आसंच व्हतं. तोंडानं इचारतात बांध घालू का, मनात आसतं भावाचं वाटोळं व्हईल का. देवीनं कुनाला उत्तर द्यावं? जावा घरी. येक सवाल काढून टाका, मंग या."

महादेवराव घरी गेले नाहीत. बंदराच्या वाटेवर धर्माजीचं घर होतं. धर्माजी अंगणात काथ्याची दोरी वळत बसला होता. त्यांना पाहून तो उठू लागला.

"उठू नकोस. एक विचारायचंय. मी गाडी विकली तर तुला काय वाटेल?"

"काय वाटायचं? गाडी तुमची."

"तसं नको. खरं सांग."

धर्माजीनं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं. "विका," तो म्हणाला. "मी सुटंन."

"सुटशील?"

"गाडीतला तो मागचं दावनारा आरसा तुमीच बसवलात ना? त्यात दिसता तुमी. वरात आसू दे, जत्रा आसू दे, मी हाकतोय आन् तुमी मागनं येताय, धूळ खात. त्वांड आसं करून." त्यानं तोंड करून दाखवलं, आणि ते इतकं हुबेहूब होतं की महादेवरावांनी नजर वळवली. "मला वाटतं, कुनाचं तरी प्वार मी काखोटीला मारून पळतोय."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? तुमी बसा म्हनू? तुमी बसला आसता व्हय?" दोरी पुन्हा सुरू झाली. "महाडच्या यश्टीत दोनदा बोलावलं मला. न्हाय गेलो. म्हनलं, आपन गेलो तर तात्यांची गाडी भायेर कोन काढंल? कोंबड्या बसतील पुन्यांदा."

महादेवराव अंगणात उभे राहिले. माणसानं या वेळी निदान लाजावं, असं त्यांना वाटलं, आणि ते लाजलेही. पण लाजेच्या खालून पुन्हा तेच काहीतरी हललं. पन्नास माणसं घेऊन घाट चढणारा धर्माजी त्यांना दिसला. आणि आपल्यासाठी ते सोडून गप्प राहिलेला धर्माजी दिसला, तो त्याहून जास्त सोसवेना. चांगुलपणातही हा पुढेच होता.

"यष्टी मोठी गाडी," ते म्हणाले.

"मोठी हाय. पन तिच्या भोंग्यात काय दम न्हाय."

महादेवरावांना हसू आलं. आलं तसं त्यांनी येऊ दिलं.

त्या संध्याकाळी ते दिवेलागणीलाच लिहायला बसले. सवाल आता एकच उरला होता, आणि त्यासाठी देवीला तसदी द्यायची गरज नव्हती. त्यांनी तीन हजार लिहिले. या आकड्याला शेठ हो म्हणेल की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तेव्हा किंमत बरोबर असावी, असं त्यांना वाटलं. खाली लिहिलं की गाडी सकाळी लवकर उठत नाही, तिला घाई करू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. खाऱ्या वाऱ्याच्या ठिकाणी ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी खालून तेल लावावं. मग आणखी एक वाक्य होतं, आणि त्यालाच सगळ्यांत वेळ लागला. 'गाडी पोचवण्यास धर्माजी येतील. आजवर गाडी त्यांनीच चालवली आहे.' 'त्यांनीच' मधला 'च' त्यांनी खोडला, मग वर पुन्हा लिहिला.

"वाचू का?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"वाच."

त्यांनी कंदिलापाशी धरून वाचलं. कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली, आणि चहा टाकायला गेल्या, त्यांच्या एकट्यासाठी.

सकाळी महादेवराव पाकीट हातात घेऊन निघाले, तोच फाटकाबाहेर भोंगा वाजला. धर्माजी गाडी काढून उभा होता.

"चला, टपालात सोडतो."

"जवळ आहे. चालत जाईन."

"आज चालू नगा," धर्माजी म्हणाला.

महादेवराव त्याच्या शेजारी बसले. रस्ताभर महादेवराव इंजिनाचा आवाज ऐकत होते. तिसरा व्हॉल्व्ह किंचित सैल वाजत होता. वळणावर धर्माजीनं गिअर बदलला, आणि तो कधी बदलला हे त्यांना कळलं ते आवाजावरून, हाताच्या हालचालीवरून नाही, इतक्या अलगद. ते त्याच्या हातांकडे बघत राहिले. शेठला हे हात मिळणार नाहीत, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचारानं आपल्याला बरं का वाटलं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

टपाल कचेरी अजून उघडायची होती. भिंतीवर तांबडी पेटी. महादेवराव उतरले, पेटीसमोर गेले, पाकीट तिच्या तोंडापर्यंत नेलं आणि थांबले. हात लटलटत होते.

धर्माजीनं इंजिन बंद केलं आणि मागोमाग खाली उतरला. "द्या हिकडं," तो हळूच म्हणाला. "मी टाकतो."

पाकीट जवळजवळ त्याच्या हातात गेलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. महादेवरावांनी ते मागे घेतलं.

"नको," ते म्हणाले. "एवढं मला येतं."

धर्माजी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. महादेवरावांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि पाकीट आत सोडलं. पेटी रिकामीच असावी. ते तळाशी पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.