ढोलीतली बाळंतीण

अयूबने कुवेतहून आणलेला कॅमेरा पेटीतून काढला तेव्हा हमिदा नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "लोकांचे नवरे आखातातून सोनं आणतात, आमच्याने काच आणली." पुढे घरी आलेल्या प्रत्येकाला ती हे ऐकवायची, आणि ऐकवताना स्वतःच हसायची. त्यामुळे अयूबला रागवायची सोयच राहिली नाही.

राजापूरच्या बाजारात त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. आठवडाभर तांब्याची तार गुंडाळायची. शुक्रवारी नमाज झाली की कॅमेरा, लांब भिंग आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन एस.टी.ने रान गाठायचं. शिकवणारं कोणी नव्हतं. रोल फुकट घालवत घालवत शिकला. पहिल्या वर्षीचे त्याचे सगळे पक्षी एक तर पाठमोरे, नाहीतर नुसतीच हललेली फांदी. पण त्या निमित्ताने तो तासन् तास गप्प बसायला शिकला, आणि गप्प बसणाऱ्याला रान दिसतं.

शहाऐंशीच्या थंडीत त्याला धारवाडीच्या देवराईत धनेशाची जोडी दिसली. मोठा धनेश, चोचीवर पिवळं शिंग असलेला. गावात त्याला गरुडच म्हणतात. उडाला की पंखांचा आवाज येतो, जणू कोणी लांबवर भाता ओढतंय. देवळामागे किंजळाचं एक जुनं झाड होतं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्याच्यावर उंचावर ढोली होती. मादी त्या ढोलीत शिरली, आणि आतून मातीने, विष्ठेने दार लिंपून घेतलं. बोटभर फट तेवढी ठेवली. त्या फटीतून नर तिला उंबरं भरवायचा. अयूब हे झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीत बसून बघायचा. घरी आल्यावर त्याला जेवण सुचायचं नाही.

होळीच्या थोडं आधी तो गेला, तर किंजळाच्या बुंध्यावर चुन्याची रेघ ओढलेली.

देवळाची मोठी तुळई वाळवीने खाल्ली होती. पावसाच्या आत नवी घालायची तर देवाच्याच रानातलं लाकूड हवं. म्हणून गावाने देवाला कौल लावला होता, आणि देवाने होकार दिला होता. हे त्याला गावचे मानकरी रावजीआबा यांनी सांगितलं. म्हातारा माणूस, शब्दाला कडक. अयूबने ढोलीची गोष्ट सांगितली. आबांनी वर बघितलं. त्यांना झाडाशिवाय काही दिसलं नाही.

"तुझ्या पाखरासाठी देवाचं काम थांबवायचं व्हय?" ते म्हणाले. "उद्या विंचवाचा फोटो काढायला येशील, मग आम्ही देऊळ झाडायचं सोडू."

पण गुरव काशीराम ऐकत होता. अयूबच्या घराण्याचा नारळ दर शिमग्याला या देवाला यायचा. आजाचं गलबत होतं तेव्हापासूनची ती रीत, गलबत गेलं तरी नारळ चुकला नव्हता. काशीराम म्हणाला, नारळ चालतो तर माणसाचं गाऱ्हाणं का चालू नये? पुन्हा विचारून बघू. देव काय रागवेल? आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, विचारा.

सकाळी सगळे जमले. काशीरामने देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग तो अयूबकडे वळला.

"काय मागायचं ते नीट सांग. मी बोलतो तेवढंच देवाच्या कानावर जातं."

"मादी बाहेर येईपर्यंत झाड तोडू नये."

"आनि पोर?"

"पोर आईबरोबरच बाहेर पडतं, काशीरामदादा," अयूब म्हणाला. त्याने पुस्तकात वाचलं होतं. रत्नागिरीच्या वाचनालयातलं इंग्रजी पुस्तक, शब्द लावत लावत वाचलेलं.

काशीरामने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या झाडात बाळंतीण बसली हाय. ती आपणहून भायेर येईस्तवर झाडाला कोणी हात लावू नये, असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे."

कळ्या जागच्या हलेनात. बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं, ते गप्प झालं. मग उजवी कळी सुटली आणि खाली पडली.

त्या दिवसापासून गावाचं सगळं वागणंच बदललं. बाळंतीण हा शब्द काशीरामने काढला तो बायकांनी उचलून धरला. देवराईच्या वाटेवर ओरडायचं नाही, किंजळाखाली पालापाचोळा पेटवायचा नाही, पोरांनी दगड हातात घ्यायचा नाही. काशीरामची आई सोनूबाई अयूब दिसला की विचारायची, "सुटली काय रे?" तो नाही म्हणायचा. ती म्हणायची, "पहिलटकरीण दिसते. वेळ लागतो." पुण्यामुंबईच्या कोणा पक्षीवाल्याने राखली नसती एवढी शिस्त गावाने राखली. आणि हे सगळं एका शब्दावर.

वैशाखात एका शुक्रवारी अयूब जाळीत बसला होता, तर शेजारच्या बेहड्यावर दोन गरुड उतरले. दोन! एकाचं बुबुळ लाल, दुसरीचं पांढरं. ती हीच. अंगावरची पिसं अशी कोरी, जणू आजच घडी मोडलीय. एवढे महिने अंधारात काढून बाई उन्हात बसली होती आणि मान इकडे तिकडे करून सगळं बघत होती. अयूबने कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास धरून त्याने एकामागून एक फोटो घेतले. भिंग तिच्यावरून हललं नाही. रोल संपला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला भिंगातली ती धूसर झाली तेव्हा कळलं.

ढोलीकडे त्याने बघितलं नाही. बघायचं काय होतं तिथे? ती तर इथे होती.

फोटो धुऊन आले. इतका चांगला फोटो त्याच्या हातून आधी कधी निघाला नव्हता. तो थेट धारवाडीला गेला. देवळाच्या पायरीवर फोटो हातोहात फिरला. आबांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. म्हणाले, "म्हंजे होती खरंच आत." एवढंच, पण अयूबला ते बक्षिसासारखं वाटलं. सोनूबाईने पदराने फोटो पुसला आणि विचारलं, "आनि पोर कुठं हाय?"

"असेल पानांत. उडालं असेल," अयूब म्हणाला. त्याला तसं वाटत होतं. तसंच वाटायला हवं होतं.

काशीरामने देवापुढे नारळ फोडला. बाळंतीण सुखरूप सुटली, शब्द पुरा झाला. पाऊस तोंडावर आला होता. आबांनी हरिश्चंद्र करवत्याला निरोप धाडला.

झाड पडायच्या दिवशी अयूब दुकान बंद ठेवून गेला. एवढ्या झाडाचा शेवटचा फोटो तरी असावा, असं त्याच्या मनात होतं. खोऱ्यात उतरतानाच करवतीचा आवाज येत होता, एका लयीत, येणारा आणि जाणारा. तेवढ्यात डोक्यावरून तो भाता गेला. मादी होती. चोचीत उंबर. ती बेहड्यावर बसली, करवतीकडे बघितलं, पुन्हा उडाली आणि सरळ किंजळाच्या ढोलीला जाऊन चिकटली.

अयूबने भिंग वर केलं.

ढोलीचं दार लिंपलेलं होतं. ओलसर, ताजं. आईने बाहेर पडताना मोडलेलं दार कोणीतरी आतून पुन्हा बंद करून घेतलं होतं. फटीतून एक लहान, बिनशिंगाची चोच बाहेर आली आणि उंबर घेऊन आत गेली.

पुस्तकातली ती पानं धाकट्या जातीच्या धनेशाची होती. मोठ्याची रीत वेगळी असते. आई आधी निघते, पोर स्वतः दार लावून मागे राहतं, आणि मग दोघं मिळून त्याला भरवतात. हे अयूबला पुढे कधीतरी नीट वाचायला मिळालं. त्या क्षणी त्याला फक्त चोच दिसली. तो ओरडत उतारावरून धावला.

करवत थांबली. तो काय बोलत होता ते आधी कोणाला कळेना. मग त्याने नुसतं वर बोट दाखवलं. खाली माणसं, करवत, भुसा, आणि अशा वेळी नरसुद्धा आला. एरवी माणसाची सावली दिसली तरी दूर जाणारा पक्षी, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ढोलीला बसला आणि गळ्यातून एकेक फळ काढून आत देत राहिला. कोणी हललं नाही. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"थांबवा, आबा," अयूब म्हणाला. "पोर आत आहे. चूक माझी आहे. मी चुकीचं मागितलं."

आबांनी हरिश्चंद्राकडे बघितलं. हरिश्चंद्राने खाली बसून खाचेत हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. निम्म्याहून जास्त बुंधा कापला होता. असं झाड ठेवता येत नाही, तो म्हणाला. पहिल्या वावटळीला देवळावर येईल, आणि त्यावेळी आत कोण बसलंय ते विचारून येणार नाही.

आबा खाली बसले. "देवाला बोल लावू नका," ते हळू म्हणाले. "आपण विचारलं तेवढं त्याने सांगितलं." मग अयूबकडे न बघता, "तुलाबी लावत नाय. तू एकटा तरी विचारायला आला होतास."

हरिश्चंद्र दोरावरून वर चढला. अर्ध्या कापलेल्या झाडावर चढायला दुसरा कोणी तयार झाला नसता.  त्याने कोयत्याच्या टोकाने लिंपण फोडलं. आतलं पोर त्याच्या हाताला असं चावलं की रक्त आलं, तरी त्याने ते सोडलं नाही, पंच्यात बांधून खाली आणलं. अंगावर पिसं आलेली होती, पण पंख अजून अपुरे, आणि सगळ्या माणसांकडे बघून ते कर्कश ओरडत होतं. सोनूबाईने कोंबडीचं डालगं आणलं, आत सुकं गवत घातलं. ते डालगं बेहड्याच्या बेचक्यात, जमेल तेवढ्या उंच, बांधलं.

मग किंजळ पाडलं. त्याचा फोटो अयूबने घेतला नाही, किंवा घेतला असेल तर त्याला आठवत नाही.

धूळ बसली आणि नर परत आला. चोचीत फळ होतं. तो ढोलीकडे निघाला, नेहमीच्या उंचीवर, नेहमीच्या वळणाने. तिथे काही नव्हतं. आभाळाच्या त्या रिकाम्या जागेभोवती त्याने एक फेरी घातली, दुसरी घातली, आणि लांबच्या फांदीवर जाऊन फळ तसंच धरून बसला. मादी आली, तिनेही तेच केलं. डालग्यातून पोर ओरडत होतं. आवाज ओळखीचा, पण तो भलत्याच ठिकाणाहून येत होता. बायका बघवेना म्हणून घरी गेल्या.

ऊन उतरल्यावर अयूब उंबरं घेऊन शिडीने वर चढला. पोराने त्याच्या हातून एक घेतलं, मग आणखी काही. आणि अयूबला वरून नजर जाणवली. मादी अगदी जवळच्या फांदीवर येऊन बसली होती. चोचीत फळ. ती डालग्याकडे बघायची, अयूबकडे बघायची, जागच्या जागी पाय बदलायची. कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. एवढ्या जवळून तिला यापूर्वी त्याने कधीच बघितलं नव्हतं, पापणीचे केससुद्धा मोजता आले असते.

त्याला समजलं की ती थांबलीय ती आपल्यामुळे.

तो हळूच उतरला. शिडी काढली. काशीरामला आणि आबांना हाताने खूण केली, आणि तिघंही देवराई सोडून पार नदीपर्यंत गेले. तिथून डालगं दिसत नव्हतं, बेहडासुद्धा नीट दिसत नव्हता. काशीरामने विचारलं, भरवते काय? अयूब म्हणाला, ठाऊक नाही. अंधार पडेपर्यंत ते पाण्याकाठी बसले. आबांनी एकदा उठून जाऊन बघू का म्हटलं. अयूबने त्यांचा हात धरून ठेवला. मानकऱ्याचा हात असा कोणी धरत नाही, पण आबा बसले.

सकाळी डालग्याखाली बिया पडलेल्या होत्या. उंबराच्या नव्हत्या, मोठ्या होत्या, जायफळासारख्या. तसली फळं वर डोंगरात होतात, गावात ती कोणी आणली नव्हती.

पोर जगलं. पावसाच्या आधी डालगं रिकामं झालं, ते उडताना कोणी पाहिलं नाही. पुढच्या थंडीत जोडी देवराईत आली, पाडलेल्या झाडाच्या जागेवर काही दिवस घिरट्या घालत राहिली, आणि खोऱ्यापलीकडे निघून गेली. त्यानंतर धारवाडीला गरुडाने घर केलं नाही.