लस नेणारा थर्मास

“याला कशाला काढलं माळ्यावरून? एक धड धंदा म्हणून नाही या माणसाला.”

आज सकाळी हेमलताबाई मला पुसता पुसता पुटपुटत होत्या. त्यांचे तोंड माझ्या कानाशीच होते, म्हणून ऐकू आले. माझा कान म्हणजे पेला लटकवायची कडी. ती एका बाजूने तुटली आहे.

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून पत्रा, त्यावर लाल फुले, आणि पोटात काचेची बाटली. फरीदाबादच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या काचेला दोन भिंती आहेत आणि मधे काहीही नाही, हवासुद्धा नाही. माझी सारी कर्तबगारी त्या काहीही नसण्यावर चालते. गरम ते गरम राहते, गार ते गार. अट एकच, बूच घट्ट हवे.

हेमलताबाईंचे यजमान सूर्यकांतराव यांनी मला घेतले, तेव्हा ते दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. थंडीत रविवारी सगळे इंडिया गेटच्या हिरवळीवर उन्हात बसत. भुईमुगाच्या शेंगा आणि माझ्यातला आल्याचा चहा. तासाभराने ओतला तरी वाफ यायची. “वा, काय थर्मास आहे!” असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई. माझी तेव्हा जरा शेफारल्यासारखीच गत होती.

मग घरात टिकली आली. काळे कुत्रे, कपाळावर पांढरा ठिपका, वय दोन महिने. लेक रेवती तेव्हा शाळेत होती. टिकलीचा डॉक्टर घरी येऊन टोचायचा, पण लस आपण दुकानातून आणून द्यायची आणि बर्फात आणायची. चहाचा थर्मास लसीला लावला म्हणून हेमलताबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मला मात्र बढती मिळाल्यासारखे वाटले.

पहिली लस नीट पोहोचली. दुसरी मे महिन्यात होती. त्या दिवशी दुकानदाराने बाटली खोक्यासकट दिली. खोके माझ्या गळ्यात अडकले आणि बूच बसेना. सूर्यकांतराव घाईत होते. त्यांनी बूच खिशात टाकले, वरून नुसता पेला दाबला आणि मला स्कूटरच्या डिकीत ठेवले. कचेरीत दहा मिनिटांचे काम होते. ते चार तास चालले. बाहेर ऊन असे की डांबर पायाला चिकटत होते. माझ्या पोटातला बर्फ गेला, मग गारवाही गेला. मित्रांनो, मला तोंड आहे, पण आवाज नाही.

संध्याकाळी डॉक्टर आला आणि लस टोचून गेला. बर्फ वितळल्याचे त्याला कुणी सांगितले नाही. पावसाळ्यात टिकलीला डिस्टेंपर झाला, ज्याची ती लस होती तोच कुत्र्यांचा जीवघेणा आजार. आठ दिवस ती स्वयंपाकघराच्या दाराशी पडून होती. नवव्या दिवशी दाराशी कुणी नव्हते. मला धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले गेले. चौदा वर्षे मी तिथेच होतो. रागाने टाकले असते तर बरे वाटले असते.

तीन वर्षांनी लड्डू आला. आम्ही राहतो त्या मयूर विहारच्या गल्लीतलाच, पिवळा, लांब कानांचा. त्याला दरसाल ठरल्या तारखेला सगळ्या लसी. तारीख एक दिवस पुढे गेली, तर सूर्यकांतरावांना जेवण जात नसे. खालून त्यांचा आवाज यायचा, “अगं, परवा लड्डूचं आहे हां.” लड्डू आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी टोचल्यावर त्याचे तोंड सुजले. दोन दिवस तो जिना चढला नाही.

म्हणून यंदा लड्डूच्या दवाखान्यातले डॉक्टर इंद्रजित काय म्हणाले, ते खालच्या बोलण्यातून मला कळले, “अंकल, रेबीज हर साल, उसमें कोई बहस नहीं. बाकी का खून जाँच के देखते हैं, ज़रूरत है भी या नहीं.” रेबीजची तेवढी दरसाल आणि बाकीच्या लसी रक्त तपासून गरज असेल तरच, हे सूर्यकांतरावांना पटले नाही. ते आठवडाभर धुमसत होते. शेवटी त्यांनी ठरवले की लस आपणच विकत घ्यायची, बर्फात घालायची आणि फरीदाबादला ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून आणायची. आणि मला खाली काढले.

रेवती आता गुडगावात नोकरी करते. आज ती मुद्दाम आली. तिने सांगितले की या लसींचा असर पुष्कळदा काही वर्षे टिकतो, हल्ली जगभर यावर चर्चा चालू आहे. वडील म्हणाले, चर्चा करणाऱ्यांचे कुत्रे मरत नाही. ती म्हणाली, “बाबा, यार, गेल्या वर्षी त्याचं तोंड बघितलं होतं ना तुम्ही?”

“एकदा शिकलोय मी,” ते म्हणाले आणि बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटू लागले.

लड्डू टेबलाखाली होता. ट्रे आपटला की त्याचे कान हलायचे. सूर्यकांतराव एकेक तुकडा माझ्यात टाकत होते. प्रत्येक तुकडा माझ्या काचेवर आतून वाजत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल, तर त्याला जपा. लस चुकवू नका. पण आपल्या मनातली भीती त्याच्या अंगात टोचू नका. त्याला काय हवे ते जाणत्याला विचारा. आणि वस्तूलाही जपा. बूच बसत नसेल, तर वेळीच सांगा. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला येते.

हेमलताबाईंनी ओट्यावरचे बूच उचलले. ते माझ्या तोंडावर बसवले नाही, मुठीतच धरले.

“अहो,” त्या म्हणाल्या, “टिकलीला दुसऱ्यांदा टोचलं त्या दिवशी यातलं पाणी कोमट होतं. संध्याकाळी मीच ओतलं मोरीत. मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला बोलले असते, तर नवी लस आणून पुन्हा देता आली असती. तुम्ही बोलला नाहीत, आणि मीही नाही बोलले.”