फटफटीच्या पोटात काय अडकलं

मी एक जुनी मोटारसायकल आहे. गावात मला फटफटी म्हणतात. आणि मित्रांनो, खरं सांगते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. कोणी नुसतं कौतुकाने पाहत उभं राहिलं तरी मला वाटतं, याचा डोळा माझ्या आरशावर असणार.

याला कारण आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. गरम तेलाचा वास आणि दुपारचा भोंगा, एवढंच. पण तिथून निघण्याआधी माझ्या प्रत्येक लहानमोठ्या भागावर बाणाची बारीक खूण ठोकली गेली. हा माल लष्कराचा आहे, कोणी पळवला तर ओळखू यावा, म्हणून. जन्मतःच जिच्या अंगावर चोराच्या भीतीची खूण पडली, तिने भोळं कसं व्हावं?

नऊ वर्षं मी नगरच्या छावणीत काढली. टपाल नेलं, साहेब नेले, एकदा साहेबांच्या मेमसाहेबांची शिवणाची पेटीसुद्धा नेली. मग मी जुनी झाले आणि मला लिलावात उभं केलं. तिथून देवळाली प्रवऱ्याच्या आसारामने मला घरी आणलं. त्याचा ऊस होता, दोन बैल होते, आणि साखर कारखान्यात सारख्या चकरा असायच्या. आमच्या वस्तीवर त्याआधी कोणाकडे फटफटी नव्हती. मी फट फट करत आले की कोंबड्या पळायच्या आणि बायका चुलीपुढून उठून दारात यायच्या. आसाराम मला स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचा. त्याची बायको छबूबाई म्हणायची, "त्याच टॉवेलानं तोंड पुसू नका म्हंजे झालं."

आसारामचे वडील आप्पा मात्र माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी विहिरीवर मोट हाकली होती. मोट म्हणजे पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. बैलांनी ओढायची आणि पाटात उलटी व्हायची. एकाहत्तर साली विहिरीवर विजेची मोटार बसली आणि मोट गोठ्यात खुंटीला टांगली गेली. तिच्याखालीच माझी जागा होती. आप्पा रोज येऊन मोटेवरून हात फिरवायचे आणि माझ्याकडे पाठ करून बसायचे. हे म्हातारबुवा एक दिवस मला भंगारात घालणार, अशी माझी खात्री होती.

ती खोटी ठरली. एका मंगळवारी आप्पा हातात तेलाची वाटी घेऊन आले. माझ्या गिअरपेटीच्या झाकणावर एक बारीक भोक आहे. हाताने क्लच दाबला की तार ओढली जाते आणि त्या झाकणाआड स्क्रूसारख्या आट्यांचा एक तुकडा फिरतो. तो फिरला की क्लच सुटतो, उलटा फिरला की पकडतो. माझी दुरुस्ती करणाऱ्या योसेफ मिस्त्रीने त्या भोकात एकदा थेंबभर तेल सोडलेलं आप्पांनी पाहिलं होतं. त्यांनी वाटीतलं तेल त्या भोकात हळूहळू ओतलं आणि म्हणाले, "पी बाये."

मग ते दर मंगळवारी येऊ लागले. मला फार बरं वाटायचं. ज्या माणसाला मी वैरी समजत होते तो मला पाजत होता. संशय घ्यायला मला दुसरं माणूस लागलं, आणि मी योसेफला धरलं.

योसेफचं दुकान देवळालीच्या स्टँडजवळ होतं. पत्र्याची टपरी, पुढे एक बाक. मिशनच्या कारखान्यात तो काम शिकला होता आणि गेली वीस वर्षं आसपासच्या वस्त्यांवरची इंजिनं, पंप, सायकली त्याच्याकडेच जायच्या. मालक यंत्र टाकून बाजारहाट करायला जायचे आणि संध्याकाळी तयार यंत्र घेऊन जायचे. आत काय केलं हे कोणी पाहत नसे. आषाढात माझ्या क्लचच्या प्लेटा बदलायला आसारामने मला तीन दिवस त्याच्याकडे ठेवलं. तो पाठमोरा बसून गुणगुणत काम करायचा. तिसऱ्या दिवशी त्याने काहीतरी चकाकणारं कागदात गुंडाळून खिशात टाकलेलं मी माझ्या दिव्याच्या डोळ्याने पाहिलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

त्यानंतर रस्ता चिखलाने बंद झाला. मी दसरा जवळ येईपर्यंत गोठ्यात उभी होते. मंगळवारचं तेल चालूच होतं.

दसऱ्याच्या आधी आसारामने मला बाहेर काढलं. क्लचचा दांडा दाबला, तो दाबलेलाच राहिला. परत येईना. आसारामने किक मारली. किक सरळ खाली गेली, जणू आत काही नव्हतंच. दुसरी मारली, तीही तशीच रिकामी. त्याचा चुलतभाऊ गहिनीनाथ तंबाखू मळत तिथे उभा होता. तो वाकून माझ्या पोटाशी कान लावून म्हणाला, "आत काई न्हाईच रे. कुनी खोलली हुती शेवटाला?"

"योसेफभाऊनं."

"मंग झालं की. लष्करी माल. लोखंड असं हाय, शंभर वर्सं मरायचं न्हाई. त्याच्या टपरीत दुसऱ्याच्या गाडीला बसला आसंल."

आसारामने मला ढकलत परत गोठ्यात नेलं. पण दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि स्टँडवरच्या हॉटेलात, भरल्या माणसांत, त्याने ते बोलून टाकलं. "योसेफनं माझ्या गाडीतला माल काढून घेतला." मला हे गहिनीनाथच्या तोंडून कळलं. तो हसत सांगत होता. मित्रांनो, मलाही समाधान वाटलं. माझा संशय खरा निघाला, असं वाटून जे समाधान वाटतं, ते.

चार दिवसांनी योसेफ आला. सकाळची वेळ होती. सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधलेली. तो उन्हाने नव्हे, न झोपल्याने काळवंडलेला दिसत होता.

"आसाराम," तो म्हणाला, "बाजारापासनं सात जनांनी आपली इंजिनं माघारी नेली. काम अर्धं झालेलं, तशी नेली. आज ही तुझ्या दारात खोलतो. तुझ्या डोळ्यांपुढं. एक तुकडा कमी निघाला, एक बी तुकडा बिनबाणाचा निघाला, तर टपरीला कुलूप लावतो आन् किल्ली तुझ्या हातात देतो."

"मी तसं न्हवतो म्हनलो, योसेफभाऊ."

"म्हनलास. हॉटेलवाल्यानं मला शब्दन् शब्द सांगितला."

छबूबाईने चहा आणला. योसेफने कप ओट्यावर, बसलेल्या आप्पांशेजारी ठेवला. "आदी खोलू, वहिनी," म्हणाला.

दारातल्या कडुलिंबाखाली त्याने आप्पांचं जुनं धोतर अंथरायला मागितलं. मग माझ्या डाव्या बाजूचं झाकण काढलं. एकेक तुकडा काढायचा, रॉकेलने पुसायचा, धोतरावर मांडायचा. बघायला आलेला गहिनीनाथ प्रत्येक तुकडा उचलून बाण शोधायचा. स्प्रिंगा, बाहेरची मोठी थाळी, आतलं चाक. प्लेटा नव्या होत्या, त्या आसारामने स्वतःच नगरहून आणल्या होत्या, त्याचं त्यालाच आठवलं. बारीक खूण दिसेना तेव्हा योसेफने खिशातून कागदाची पुडी काढली. मी श्वास रोखला, म्हणजे माझ्या टाकीतलं पेट्रोल जरा कमी हललं. पुडीतून निघाला चष्मा. डबी मोडली म्हणून तो कागदात गुंडाळून ठेवत होता.

त्या क्षणी मला माझ्या दिव्याची लाज वाटली.

"सगळं हाय," गहिनीनाथ शेवटी म्हणाला. त्याचा आवाज असा होता, जणू त्याला जेवायला बोलावून ताट वाढलं नव्हतं.

"मंग किक रिकामी का जाती?" आसाराम म्हणाला.

"क्लच सुटलेलाच राह्यलाय म्हनून. पकडतच न्हाई, तर किक लागनार कशाला?" योसेफ माझ्या दुसऱ्या बाजूला आला. तार काढली, दांडी हलवून पाहिली. हलेना. मग त्याने ते भोकाचं झाकण उघडलं. आत तो आट्यांचा तुकडा पिवळट तांबूस चिकात गच्च बसला होता. आंब्याच्या झाडाला राळ येते, तसा.

"हान की दोन घण," गहिनीनाथ म्हणाला. "बसलेलं उठतं."

"घणानं झाकन फुटंल. हे झाकन आता इकडं कुठं मिळनार न्हाई. बसलेल्याला उठवायचं तर सावकाश उठवावं लागतं, गहिनीनाथ, दटावून न्हाई." त्याने छबूबाईकडे उकळतं पाणी मागितलं. फडकी त्यात बुडवून, पिळून तो माझ्या झाकणाभोवती गुंडाळू लागला. फडकं गार झालं की दुसरं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी इतक्या सावधपणे हात ठेवला नव्हता. आणि तो हात त्याचा होता.

तिसऱ्या का चौथ्या फडक्याला चीक मऊ झाला आणि वास सुटला. भजी तळताना येतो, तसा.

छबूबाई पदर सावरत पुढे आली. वास घेतला. "हे तर माझ्या बरनीतलं करडईचं तेल."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. आसारामही.

"बगता काय असं? मी काय फटफटीला फोडनी घालती का?" ती आसारामला म्हणाली. मग गहिनीनाथकडे वळली. "बरनी दर आठवड्याला खाली जाती, म्हनून मला तुमच्या चांगुनाचा संशय. घरात येऊन जाऊन असती ती. दोन महिने मी तिच्याशी नीट बोलले न्हाई."

गहिनीनाथचा तंबाखू हातातच राहिला. त्याच्या बायकोवर आळ आला तेव्हा मात्र त्याला हसू आलं नाही. "माझी बायको काय तेल चोरती?" एवढंच म्हणाला.

प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. मला ठाऊक होतं. त्या वासाचा माणूस ओट्यावर बसला होता. पण मला तोंड कुठं होतं? आणि खरं सांगू का, तोंड असतं तरी मी त्यांचं नाव घेतलं असतं की नाही, कोण जाणे.

आप्पा काठी टेकत उठले. त्यांना गप्प बसता आलं असतं. आळ फिरत फिरत गहिनीनाथच्या बायकोवर जाऊन थांबलाच होता. ते माझ्याजवळ आले, त्यांनी बोट त्या चिकात बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"ह्यो वास माझा हाय," ते म्हणाले. "दर मंगळवारी मी घातलं. चाळीस वर्सं मोटेला हातानं तेल चोळलं, म्हनून चामडं कदी तडकलं न्हाई. मोट ऱ्हायली टांगलेली. ही खाली उभी. मुकी हाय, मागनार न्हाई, म्हनून पाजलं."

योसेफ उकिडवा बसला होता, तसाच राहिला. या म्हाताऱ्या माणसाच्या तेलापायी त्याचं दुकान जायची वेळ आली होती. त्याने रागाने काही बोलावं, असं मला वाटलं. तो म्हणाला, "आप्पा, चामडं तेल पितं. लोखंड पीत न्हाई, नुसतं अंगावर ठेवून घेतं. करडईचं तेल उबेनं वाळतं आन् त्याची राळ होती. हिला मशिनचं तेल न्हाईतर ग्रीस लागतं. ते बी नखभर."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई."

आप्पांनी मान हलवली. "व्हय. इचारलं न्हाई."

मग रॉकेल आलं. योसेफने तुकडा आधी केसभर उजवीकडे फिरवला, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. सूर्य लिंबावरून पार पलीकडे गेला तेव्हा तो सुटून त्याच्या तळहातावर आला. त्याने तो धुतला. त्यावरही बाण होता. आसारामने तो पाहिला आणि मान फिरवली. सगळं जागच्या जागी बसलं, तार ओढून सारखी केली. आसारामने किक मारली आणि मी पहिल्याच किकेला बोलले.

"चला योसेफभाऊ," आसाराम म्हणाला, "आत्ताच स्टँडवर जाऊन सांगतो. चुकी माझी."

"आज तिथं कोन हाय? चार कुत्री. तू बाजाराच्या दिवशी बोललास. बाजाराच्याच दिवशी सांग." छबूबाई नवा चहा करायला निघाली तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी, आज इच्छा न्हाई," आणि सायकलवर बसून गेला.

बाजाराच्या दिवशी आसाराम आप्पांना मागे बसवून माझ्यावरून गेला. हॉटेलापुढे उभं राहून आसाराम बोलायला लागला, पण पहिल्याच शब्दाला अडखळला आणि टॉवेलने माझी टाकी पुसू लागला. मग आप्पाच बोलले. फटफटीला तेल मी पाजलं, योसेफनं एक खिळा बी घेतला न्हाई. लोक खूप हसले. हसून घरी गेले आणि तेलाचीच गोष्ट सांगत बसले. सातांपैकी पाच जण इंजिनं परत घेऊन आले. दोघे आले नाहीत. त्यांनी राहुरीत दुसरा मिस्त्री धरला होता, आणि का धरला, हे ते विचारणाऱ्याला अजून सांगतात. त्यांच्या सांगण्यात तेल नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझा रंग गेला, आवाजही घोगरा झाला. एवढंच मागते. आमच्यासारख्या मुक्या यंत्रांवर माया करा, पण आम्हाला काय लागतं ते जाणत्याला विचारून मग करा. आणि एखाद्या माणसाचा संशय आला, तर तो बाजारात नेण्याआधी घरी झाकण उघडून बघा. मीसुद्धा नुसत्या चकाकीवरून एका माणसाला चोर ठरवलं होतं. माझा अडकलेला तुकडा एका दिवसात सुटला. योसेफ आता पाठमोरा बसून काम करत नाही. गुणगुणतही नाही. माझं साधं झाकण काढायचं असलं तरी तो बाक ओढून माझ्यापुढे ठेवतो.

आसाराम दर वेळी म्हणतो, "मी कशाला, योसेफभाऊ? तुमी करा की. मी बाजार करून येतो."

योसेफ चष्मा पुसतो.

"बस," म्हणतो.