नवशिक्यांसाठी पहिलं पान

"टर्मिनल उघडा," तिनं पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

तो खुर्चीतून कष्टानं उठला. डाव्या हातानं त्यानं टेबलाचा खण उघडला आणि शाबासकीसाठी तिच्याकडे बघत राहिला.

"खण नव्हे. टर्मिनल."

त्यानं खण लावला. जरा विचार केला आणि खिडकी उघडली. वाऱ्यानं टेबलावरचे कागद जमिनीवर गेले. ती ते गोळा करायला उठली नाही. आधी तिनं त्या वाक्यापुढे खूण केली : टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची काळी चौकट, हे सांगितलेलं नाही. चित्र टाकणे.

"बसा आता. पुढचं वाक्य."

ज्याला टर्मिनल म्हणजे खण की खिडकी हे उमजत नव्हतं, त्यानंच या पानाआधीचं सगळं प्रास्ताविक लिहिलं होतं.

वायफायचा डबा, दवाखान्यातलं नाडी मोजणारं यंत्र, बसच्या कपाळावरची चमकती पाटी, असल्या वस्तूंच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याच्यावर चालेल असं बेताचं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, जुळवून देणारी एक व्यवस्था ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून उभी केली होती. सगळ्यांना खुली, कोणीही घ्यावी, कोणीही दुरुस्त करावी. 'रेसिपी' नावाच्या फायली निवडायच्या, की ती एकेक जिन्नस आणून, शिजवून, त्या वस्तूपुरतं लिनक्स तयार करून हातात द्यायची. तिचा नवरा या कामात पहिल्यापासून होता आणि नवशिक्यांसाठीचं प्रास्ताविक त्यानं एकहाती लिहिलं होतं.

नवशिक्यांसाठी हे आपलं म्हणायला. पहिल्याच पानावर त्यानं बजावलं होतं, की पुढची सगळी प्रकरणं पचवल्याशिवाय कोणी संगणकाला हात लावू नये. चर्चेत एखाद्यानं भीत भीत शंका विचारलीच, तर त्याचं उत्तर एका ओळीचं असे : 'आधी वाचा, मग तोंड उघडा.' पोरं त्याला समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'हेडमास्तर'.

ती एका कारखान्यात माहितीपत्रकं लिहायची. मिक्सरची, इस्त्रीची, पाण्याच्या पंपाची. ओल्या हातानं प्लग काढू नका. झाकण बसल्याशिवाय बटण दाबू नका. घरी मित्र आले की नवरा म्हणे, "आमच्या घरात दोन लेखक. एक मी आणि एक ही झाकणवाली." मित्र हसत. चहाचा ट्रे धरून तीही हसे. लग्नानंतरच्या दिवसांत एकदा तिनं विचारलं होतं, की तुम्ही नेमकं करता तरी काय. "राहू दे," तो म्हणाला होता, "तुझ्या डोक्यावरून जाईल." पुन्हा तिनं विचारलं नाही.

मग एका सकाळी दाढी करता करता तो आरशासमोर कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, पण उजवा हात गेला, वाचा गेली, आणि अक्षरं दिसायची तरी अर्थ हाती लागेना. बोलण्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या ओळखीचं काहीतरी रोज समोर ठेवत जा. गाणी, फोटो, काम."

गाणी त्याला कधी आवडलीच नव्हती. फोटोंत तो क्वचितच होता. तिनं त्याचा संगणक सुरू केला.

टपाल साठलेलं होतं. 'प्रकृती बरी नाही, काही काळ रजेवर आहे,' एवढं तिनं त्याच्या नावानं कळवलं. त्याच टपालात प्रकल्पाच्या समन्वयकाचं आवाहन होतं. प्रास्ताविक कोणालाच समजत नाही, नवे लोक पहिल्या पानावरूनच पळून जातात, त्याची सगळी फेररचना करायची आहे, लिहिता येणारं कोणी हवं. तिनं माहेरच्या आडनावानं उत्तर पाठवलं. यंत्रांची माहितीपत्रकं लिहिण्याचा अनुभव आहे, शिकायची तयारी आहे.

शिकायला तिला फार जड गेलं. रडतखडत, चुकत, समन्वयकाला तेच तेच विचारत ती पुढे सरकली. समन्वयक वयानं लेकीच्या बरोबरीचा होता आणि वैतागत नसे. अखेर तिनं आराखडा मांडला : जाडजूड प्रकरणं मागे ढकलायची आणि सगळ्यांत पुढे एकच पान ठेवायचं. त्या पानावर काही समजावायचं नाही. माणसानं पायरीपायरीनं करत जायचं आणि शेवटी त्याचं पहिलं लिनक्स त्याच्यासमोर सुरू व्हायचं. मग त्याला वाटलंच तर त्यानं पुढचं वाचावं.

आराखडा मंजूर झाला. जुनी पानं एकेक करून उघड्या चर्चेत आली आणि लोकांनी वर्षानुवर्षांचं उट्टं काढलं.

'हे लिहिणाऱ्याला नवशिक्यांचा राग होता का?'

'छे, त्याला माणसांचाच राग होता.'

'घरी कसं सहन करत असतील?'

ती वाचत होती. बाजूला तो भरवलेली पेज ओठांच्या कडेनं गाळत बसला होता. तिनं टाइप केलं : 'या प्रास्ताविकाला नुसत्या भिंती आहेत, दार नाही. आणि भिंतीवर पाटी लावली आहे, आत या.'

त्या दिवशी सगळ्यांत जास्त अंगठे तिच्या वाक्याला मिळाले. स्वयंपाकघरात जाऊन ती भांडी विसळून आली आणि पुन्हा एकदा अंगठे बघितले. मग तिनं त्याचं तोंड पुसलं.

नवीन पान एखाद्या ठार अडाण्यावर पडताळून पाहावं, असं समन्वयकानं सुचवलं होतं. अडाणी शोधायला तिला लांब जावं लागलं नाही.

रोज सकाळी अंघोळ झाली की ती त्याला संगणकापुढे बसवी. ती वाक्य वाची आणि त्यानं ते करायचं. तो अडला की वाक्य बदलायचं. सुरुवातीला तिला खरंच वाटलं होतं, की ही अक्षरं बघून आत कुठेतरी दिवा लागेल. तो लागला नाही. पान मात्र सुधारत गेलं. तो जिथे जिथे अडला, तिथे तिथे पुढे कोणीच अडलं नसतं.

एका सकाळी तो एकाच जागी अडून राहिला. कळफलकावरची एक लांब कळ दाबायची होती, बाकी काही नाही. तिनं बोट धरून दाखवलं. त्यानं भलतीच दाबली. पुन्हा दाखवलं. पुन्हा भलतीच, आणि वर तो हसला.

"अरे, एवढं साधं कळत नाही तुला?" ती ओरडली. "शेंबड्या पोराला कळेल! डोक्यात काय भुसा भरलाय?"

हे वाक्य तिचं नव्हतं. तिनं ते या घरात पुष्कळदा ऐकलं होतं. आपण अहो सोडून अरेवर आलो, हे तोंडून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. जीभ कुठेही अडखळली नव्हती.

तो उठला, भिंतीचा आधार घेत दारापाशी गेला आणि तिथे चौकटीला टेकून उभा राहिला. मान खाली घालून. ती त्याला परत बोलावील म्हणून वाट बघत. तिनं वाक्य दुरुस्त केलं, पुढचंही दुरुस्त केलं, मग बोलावलं.

लेक आली ती अशाच एका सकाळी. दारातच थबकली.

"आई, हे काय चाललंय?"

"काम."

"बाबा रडतायत."

"त्यांचे डोळे तसेच गळतात. डॉक्टरांना विचार." मग नवऱ्याकडे वळून, "हं, दाब की रे."

"तू बाबांना अरे-तुरे करतेस?"

"ते काही बोलले का त्यावर?"

लेकीनं पिशवी खाली ठेवली. तिनं बापाच्या गळ्यातला टॉवेल सारखा केला, त्याचा लुळा हात मांडीवर नीट ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू सूड घेतेयस."

"सूड घ्यायचा असता तर मी त्यांना त्यांचीच जुनी पानं वाचायला लावली असती."

"हसू नकोस, आई. आजारी माणूस आहे तो."

"मग घेऊन जा ना. खरंच ने. कपडे भरून देते, औषधं देते. कधी नेतेस?"

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या दोन खोल्यांत सासू होती, जुळी मुलं होती. हे आईला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच तिनं विचारलं होतं. लेकीनं पुन्हा तो विषय काढला नाही. जेवण करून गेली. जाताना बापाच्या पाया पडली, तेव्हा त्यानं तिला ओळखलं की नाही ते कळलं नाही.

जुनं प्रास्ताविक काढून टाकायचं काम समन्वयकानं तिच्यावरच सोपवलं होतं. काढण्याआधी तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं. आता तिला त्यातलं बरंच समजत होतं. काही ठिकाणी विचार इतका स्वच्छ होता, की तिला थांबून पुन्हा वाचावंसं वाटलं. हा माणूस हुशार होता, याबद्दल तिला शंका कधीच नव्हती. शेवटी आभार होते. सर्व्हर सांभाळणाऱ्याचे, जुन्या सहकाऱ्यांचे, कचेरीतल्या कॉफीच्या यंत्राचेसुद्धा. तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग सगळं निवडून काढून टाकलं. संगणकानं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. त्या क्षणी काहीतरी वाटेल अशी तिची अपेक्षा होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती उठली.

नवीन प्रास्ताविक बाहेर आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. एका शाळकरी मुलीनं एका दुपारीत सगळं करून दाखवलं, याचं कौतुक आठवडाभर चाललं. समन्वयकानं सगळ्यांची व्हिडिओ बैठक ठेवली. पडद्यावर छोटे छोटे चौकोन, चौकोनात चेहरे. तिनं बऱ्यापैकी साडी नेसली होती.

"हे काम बाईंचं आहे," समन्वयक म्हणाला. "आपण सगळे हुशार, पण वाचणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसायला आपल्याला कोणालाच जमलं नव्हतं."

टाळ्या झाल्या. एका दाढीवाल्यानं कॉफीचा कप उंचावला. "हेडमास्तर असते तर आज आपल्या सगळ्यांना अंगठे धरून उभं केलं असतं!"

चौकोनाचौकोनांतून हशा उसळला.

"कुठे असतात हो हल्ली?"

"कुठे असणार? प्रकृतीचं निमित्त सांगून रुसून बसलेत घरी. कोणीतरी जाऊन समजूत काढा."

"बायको काढत असेल की!"

तीही हसत होती. हसता हसताच म्हणाली, "इथेच असतात. बोलावू?"

कोणाला काही कळलं नाही. ती आतल्या खोलीत गेली. तो पलंगाच्या कडेला बसला होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, हनुवटीवर सकाळची लाळ वाळली होती, गळ्यात टॉवेल होता. टॉवेल काढायला तिचा हात पुढे झाला आणि मागे आला. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं, बाहेर आणलं आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

"हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "विचारा आता. कुठे असतात ते."

हशा थांबला. दाढीवाल्याचा कप हवेतच राहिला. समन्वयकाचं तोंड उघडं पडलं. "सर... बाई, तुम्ही आम्हाला सांगायचं तरी..." एक बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागली. नवऱ्याच्या मागे उभी राहून ती एकेका चौकोनाकडे बघत होती. हे तिला हवं होतं. त्यांची तोंडं अशीच बघायची होती आणि त्यांनी त्याला असंच बघायला हवं होतं. दोन्ही एकदम पुरं झालं.

तो पडद्याकडे वाकून बघत होता. एवढे चेहरे! एवढे लोक घरी आलेले त्यानं कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. त्याचा वाकडा चेहरा उजळला. डाव्या हातानं त्यानं आपली मागची खुर्ची चाचपली, ओढत ओढत पुढे आणली, बैठकीवरची धूळ तळव्यानं झटकली आणि ती पडद्यासमोर नीट मांडली.

"बसा," तो म्हणाला.

कोसळल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द धड उमटला नव्हता. हा स्पष्ट उमटला.

"बसा, बसा."

एक चौकोन काळा झाला, मग दुसरा. मग समन्वयकानं हात जोडले आणि तोही गेला. राहता राहिला त्यांचा स्वतःचाच चौकोन. त्यात तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अदबीनं उभा होता, मागे साडी नेसलेली ती उभी होती, आणि मधली खुर्ची रिकामी होती.